दोघांसाठी जागा शोधून देणारं ॲप: बेळगावातून वापरून बघितलं त्याची हकीकत

पाचपैकी अडीच स्टार. दोन नकाशाला आणि पावसाच्या माहितीला, अर्धा दिसायला बरं आहे म्हणून. ज्या 'रोमान्स स्कोअर'साठी कंपनी पैसे घेते, त्याला आमच्या बेळगाव भागापुरता तरी भोपळा. सविस्तर लिहिते, कारण बाकीच्यांची परीक्षणं वाचली तर 'लय भारी' किंवा 'पैसे वाया' यापुढे कुणी गेलेलं नाही, आणि तेवढ्यावरून घ्यायचं की नाही हे कुणालाच ठरवता येणार नाही.

ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. जोडप्यांनी कुठं फिरायला जावं हे डेटावरून सुचवणारी अशी ॲप्स बरीच आहेत. मासिकांतून आणि ट्रॅव्हल कंपन्यांच्या जाहिरातींतून 'देशातली सर्वांत रोमँटिक ठिकाणं' म्हणून याद्या येतात, त्यासुद्धा साधारण याच पद्धतीने निघतात. एकाला झोडपून बाकीच्यांना सोडण्यात अर्थ नाही. परीक्षण पद्धतीचं आहे असं समजा.

मी टिळकवाडीत राहते, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. ह्यांचं उद्यमबागेत लेथचं वर्कशॉप आहे. लेक पुण्यात नोकरीला. लग्नाच्या वाढदिवसाला तिने आम्हाला वर्षाचं सबस्क्रिप्शन भेट दिलं. "आई, बाबांना घेऊन जरा कुठंतरी जा की. सुट्टीतसुद्धा पेपर तपासत बसतेस." ह्यांचं म्हणणं, तेवढ्या पैशाचं पेट्रोल आलं असतं. पण भेट आली म्हणजे वापरायलाच हवी.

वापरायला सोपं आहे. निघायचं गाव टाकायचं, किती लांब जायची तयारी आहे ते टाकायचं, खर्चाचा अंदाज, आणि मग 'मूड': शांत, निसर्ग, साहस, खाणंपिणं. यादी येते, प्रत्येक जागेपुढं शंभरपैकी गुण. हे गुण कसे काढले ते ॲपच्याच एका पानावर लिहिलंय, याबद्दल कंपनीचं कौतुक. बरेच जण लपवतात. चार गोष्टी धरतात. त्या जागी काढलेले आणि ठिकाणाची नोंद असलेले फोटो, लोकांनी लिहिलेले अभिप्राय, दोन माणसांसाठी एक खोली अशी हॉटेलची बुकिंगं, आणि लोक ती जागा इंटरनेटवर किती शोधतात ते. चौघांची भेळ करून आकडा.

आता यातली एकेक गोष्ट बघू, कारण गंमत तिथंच आहे.

फोटोंवरून पर्यटक मोजता येतात हे खरं आहे. २०१३ साली एका संशोधनात ३१ देशांतल्या ८३६ ठिकाणी प्रत्यक्ष किती माणसं येतात याच्या नोंदी आणि तिथं काढून फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर टाकलेले फोटो यांची तुलना केली होती. दोन्ही बऱ्यापैकी जुळले. त्यांनी एक शहाणपणा केला होता: फोटो मोजले नाहीत, माणूस आणि दिवस मोजले. एका माणसाने एका दिवसात एका धबधब्याचे दोनशे फोटो काढले तरी नोंद एकच. नाहीतर आमच्या भाच्यासारखा एखादा पोरगा एकटाच एखादं गाव यादीत वर चढवून ठेवील. हे ॲपही तसंच मोजतं असं लिहिलंय. चांगलं आहे.

पण त्या संशोधनातून कळतं ते किती माणसं गेली एवढंच. ती माणसं दोघं-दोघं होती की मिनीबस भरून आली होती, ती हातात हात घालून बसली की पोरांना लघवीला न्यायला झाडी शोधत होती, हे फोटोंच्या संख्येत येत नाही. कंपनी गर्दीचा आकडा घेते आणि त्यालाच प्रेमाचा म्हणते.

बुकिंगचं तर विचारूच नका. 'एक खोली, दोन मोठी माणसं' म्हणजे जोडपं, हे गृहीतक मालदीवला चालत असेल. बेळगावच्या लॉजमध्ये दोघं एका खोलीत राहतात ते कोण? हुबळीहून आलेले औषध कंपनीचे दोन प्रतिनिधी. परीक्षेला आलेली दोन मुलं. पौर्णिमेला सौंदत्तीला निघालेल्या सासू-सुना. ॲपमध्ये प्रत्येक गावाचा 'रोमँटिक महिना' दिलेला असतो. बेळगावचा कुठला दाखवतंय? डिसेंबर! मी आधी थंडीमुळे असेल म्हणून सोडून दिलं. मग वर्गात उदाहरण म्हणून हे सांगितलं तर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, अधिवेशन की ओ." बरोबर. इथल्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा गावात खोली मिळत नाही. अधिकारी, पीए, ड्रायव्हर, पोलीस, पत्रकार, सगळे दोघं-दोघं एका खोलीत. त्या बिचाऱ्यांची झोप आमच्या गावाच्या रोमान्समध्ये जमा झाली असणार, असा माझा तर्क आहे. परीक्षेला प्रश्न म्हणून घालावा इतका सुंदर नमुना आहे.

आमच्यासाठी पहिली यादी आली ती अशी. आंबोली पहिली, मग दूधसागर, मग गोव्याचे किनारे, दांडेली, गोकाक. म्हणजे बेळगावातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारलं असतं तरी त्याने याच क्रमाने सांगितलं असतं, आणि फुकट.

तरी म्हटलं, ॲपचा मान ठेवूया. ऑगस्टातला रविवार. हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोली. रस्ता सुरेख, दोन्ही बाजूंना भातखाचरं, यजमान चक्क गुणगुणत होते. घाटातल्या मोठ्या धबधब्यापाशी पोचलो तर गाड्यांची रांग वळणापलीकडे गेलेली. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा त्या रविवारी पडत होता. धुकं इतकं की धबधबा नुसता ऐकू येत होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाजलेलं कणीस, आता जरा कठड्याला टेकून उभं राहावं म्हणते तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"काय ओ, दोघंच आलासा?"

यजमानांचे मामा. मागून मामी, त्यांच्या दोन्ही सुना, नातवंडं, आणि टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरणारी चटई.

"लेकीनं पाठवलंय," हे म्हणाले.

"बरं झालं की. आमच्यातच जेवा. पुऱ्या भरपूर आणल्यात." मामींनी तेवढ्यात माझ्या हातातलं कणीस धाकट्या नातवाच्या हातात दिलंसुद्धा.

जेवलो. पुऱ्या खरंच भरपूर होत्या, बटाट्याची भाजी उत्तम. मामांनी परतीच्या रस्त्यावर आमच्या गाडीत दोन नातवंडं बसवून दिली, त्यांच्याकडे दाटी होत होती म्हणून. ॲपने घरी पोचल्यावर विचारलं, 'तुमची रोमँटिक सहल कशी झाली?' आणि पाच बदाम दाखवले, किती रंगवायचे ते आपण ठरवायचं.

हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण याच्या आत एक खरा हिशेब आहे. एखाद्या जागेला बेळगावची माणसं जास्त जातात म्हणून तिचे गुण जास्त. गुण जास्त म्हणून ॲप बेळगावच्या आणखी माणसांना तिथंच पाठवतं. ती जातात, फोटो काढतात, गुण आणखी वाढतात. सुचवणाऱ्या सगळ्याच यंत्रणांना हा रोग असतो: वरचं वरच राहतं, खालचं कुणाला दिसतच नाही. दूरच्या शहरात तो चालून जाईल. आमच्याकडे त्याचा परिणाम असा की, जिथं ओळखीचं माणूस भेटण्याची शक्यता सर्वांत जास्त, तीच जागा यादीत पहिली येते.

आणि आमच्याकडच्या जोडप्याला काय हवं असतं? दृश्य हवं असतंच. पण त्याच्या आधी एक हवं असतं: ओळखीचं कुणी भेटू नये. माझ्या विद्यार्थ्यांना हे पाठ आहे. पहिल्या रेल्वे गेटपासून तिसऱ्या गेटपर्यंत स्कूटरवरून मागे कुणाला बसवून गेलं तर घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. व्हॅक्सिन डेपोत झाडी आहे, सावली आहे, पण सकाळ-संध्याकाळ अर्धं टिळकवाडी तिथं चालायला येतं. लग्न झालेल्यांचं वेगळं नाही. आम्हाला कुणी काही बोलत नाही, फक्त जेवायला बसवतात. म्हणजे ज्या रकान्यावर आमच्या भागात सगळं अवलंबून आहे, तो रकानाच या डेटात नाही. 'निघाल्या गावचे लोक इथं किती येतात' हा आकडा त्यांच्याजवळ असणारच, निघायचं गाव तर ते सगळ्यांनाच विचारतात. तो गुणांत उलटा धरला असता तरी अर्धं काम झालं असतं.

दूधसागर दुसरा होता, ९२ गुण. तीनशे दहा मीटरवरून पडतो, देखणा आहेच, त्यात वाद नाही. पण बहुतेकांनी तो बघितलाय गाडीच्या खिडकीतून. लोंढ्याहून कॅसलरॉक ओलांडून गाडी घाट उतरायला लागली की सगळा डबा एका बाजूला जमतो, मिनिटभर पूल, किंकाळ्या, फोटो, संपलं. ॲपला ते सगळे फोटो 'इथं आलेले पर्यटक' म्हणून दिसतात. पावसाळ्यात, म्हणजे तो बघण्यासारखा असतो तेव्हा, तिथं उतरून रुळावरून चालत जाणं हा रेल्वेच्या कायद्यानं गुन्हा आहे. २०२३च्या जुलैत तिथं गेलेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, तो व्हिडिओ आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. गोव्यातल्या कुळ्याहून जीप जाते ती पावसाळा संपल्यावर. ॲपने जुलैमध्ये '९२, आज जाण्यासाठी उत्तम' असं दाखवावं, आणि जोडप्यानं तिथं जाऊन जोडीनं उठाबशा काढाव्यात, यात प्रेम वाढत असेल तर माहीत नाही.

गोकाकचंही तेच, फक्त उलट. ॲप अभिप्रायांची वर्षभराची सरासरी घेतं. घटप्रभा तिथं सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते, जुलै ते सप्टेंबर बघून घ्यावं. चहासारखं लालसर पाणी, समोर बोलायचं तर ओरडावं लागतं. शेजारी जुनी गिरणी. याच पाण्यावर १८८७ साली वीज तयार केली होती. पण एप्रिलमध्ये गेलात तर उघडा काळा कातळ आणि उन्हात बसलेली माकडं. सरासरीत हे दोन्ही मिसळून ७८ गुण बाराही महिने. अहो, ज्या गोष्टीचं मूल्य महिन्यागणिक बदलतं तिची वार्षिक सरासरी काढू नये, हे मी पहिल्या वर्षाला शिकवते. महिन्यावार तक्ता द्यायला काय जातं? फोटोंवर तारीख असतेच की. (एप्रिलमध्ये गेलात तर करदंट, म्हणजे गोकाकची सुक्यामेव्याची मिठाई, घ्या आणि परत या. तो बाराही महिने चांगला.)

आता जे यादीत आलंच नाही त्याविषयी.

जांबोटीवरून चोर्ल्याकडे जाताना कणकुंबी लागतं. मलप्रभेचा उगम तिथं आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ७९२ मीटरवर. माउलीचं देऊळ, कुंड, भोवती जंगल. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, तिथल्या पायरीवर बसलं की कुणी काही विचारत नाही. मोबाइलला रेंज येते-जाते, बहुतेक वेळ जातेच. आमच्या दोघांच्या इतक्या वर्षांत सलग गप्पा झाल्या त्या तिथं. हे वर्कशॉपमधल्या कामगारांच्या अडचणी सांगत होते, आणि एकदाही फोन वाजला नाही. ॲपमध्ये कणकुंबीला ३१ गुण. का, म्हणून खाली बघितलं. 'लोकांची भावना: नकारात्मक.'

यंत्राला भावना कळते ती मजकुरातून. जागेच्या नावाबरोबर कुठले शब्द येतात ते बघायचं. चांगले शब्द जास्त तर गुण वर. कणकुंबीच्या नावाबरोबर इंटरनेटवर काय येतं? कळसा-भांडुरा कालवे, म्हादईच्या पाण्याचं भांडण, लवाद, गोवा सरकार, निदर्शनं. २०१८ साली लवादाचा निवाडा आला, त्यानंतरही बातम्या थांबलेल्या नाहीत. यंत्र सगळं वाचतं आणि ठरवतं की इथं भांडणं चालतात, जोडप्यांनी जाऊ नये. बेळगाव शहराचे गुणही असेच पडलेत, असं मला वाटतं. आमच्या गावाविषयी बाहेरचे लोक लिहितात ते सीमाप्रश्न, बंद, मोर्चे, पाट्या. कॅम्पातल्या मिलिटरी महादेवाच्या बागेत संध्याकाळी किती छान वारा येतो हे कोण बातमीत लिहिणार? शिवाय गावाचं नाव जुन्या अभिप्रायांत बेळगाव, नव्यांत बेळगावी, ॲपला ती दोन गावं वाटतात आणि दोघांनाही कमी-कमी नोंदी पडतात. मराठी आणि कन्नड अभिप्राय तर ते वाचतच नाही. इंग्रजी आणि हिंदी एवढंच, असं त्यांनीच लिहिलंय. म्हणजे आमच्या जागांविषयी आम्ही काय म्हणतो हे सोडून बाकी सगळं धरलं.

दुसरी जागा देगाव, कित्तूरजवळ. तिथलं कमलनारायणाचं देऊळ बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांचा राजा शिवचित्त पेर्माडी याच्या राणीनं, कमलादेवीनं, बांधवून घेतलेलं. राणीचं नाव देवाच्या नावाला जोडलेलं, आठशे वर्षं ते तसंच चाललंय. यापेक्षा जास्त रोमँटिक काय असतं ते मला सांगा. ॲपमध्ये ते 'धार्मिक स्थळ' या खान्यात आहे, आणि धार्मिक स्थळ एकदा म्हटलं की रोमान्सचे गुण आपोआप कापले जातात. हा नियम ज्याने लिहिला त्याने आमच्याकडचं एकही प्रेम जवळून बघितलेलं नाही. आमच्याकडे मुलगा-मुलगी बघायचा कार्यक्रम झाल्यावर पहिल्यांदा एकत्र कुठं जातात? देवळात. घरून परवानगी मिळते ती देवळाचीच. हलशीच्या भूवराह नरसिंहाला, वैजनाथाला, नाहीतर गावातल्या गावात कपिलेश्वराला. 'दर्शनाला जाऊन येतो' म्हटलं की कुणी किती वेळ लागला ते विचारत नाही. आमचंसुद्धा कपिलेश्वरापासूनच सुरू झालं. त्या पायऱ्यांवर चपला सांभाळत बसलेल्या जोडप्यांचा डेटा कुणाकडेच नसणार.

देगावला अभिप्राय अगदी मोजके होते, पण सगळे पाच स्टार. तरी गुण खाली. याचं कारण मात्र मला मान्य आहे: चार माणसांनी दिलेले पाच स्टार आणि चार हजारांनी दिलेले साडेचार यांत दुसऱ्यावर जास्त विश्वास ठेवावा, म्हणून थोड्या नोंदी असलेल्या जागेचे गुण एकूण सरासरीकडे ओढून घेतात. हॉटेलं निवडताना हे अगदी योग्य. मालकाच्या भावाने, मेहुण्याने आणि शेजाऱ्याने दिलेले पाच स्टार त्याने गळून पडतात. पण दोघांना एकांत हवा असेल तेव्हा नोंदी कमी असणं हाच गुण आहे, आणि ही पद्धत तोच कापते.

रस्त्यांच्या बाबतीत ॲप अर्धं शहाणं आहे. 'पन्नास किलोमीटरच्या आत' म्हटलं की ते नकाशावर गोल काढतं. सपाट मुलखात चालेल, सह्याद्रीच्या कड्यावर नाही. चंदगड तालुक्यात तिलारीनगरला स्वप्नवेल पॉइंट आहे. तिथून तिलारीचं खोरं पायाखाली पसरलेलं दिसतं, संध्याकाळी सुरेख. धरण मात्र खाली दोडामार्गच्या बाजूला, मध्ये सगळा घाट. ॲपला दोन्ही 'तिलारी'च, एकाचे फोटो दुसऱ्याला चिकटवलेले. आम्ही इथलेच म्हणून वर गेलो. बाहेरून आलेलं एखादं जोडपं फोटो बघून निघालं तर खाली धरणाच्या भिंतीशी उभं राहून दरी शोधत बसेल.

आणि बस? 'सार्वजनिक वाहतूक उपलब्ध नाही' असं चंदगड बाजूच्या झाडून सगळ्या जागांपुढं लिहिलंय. बेळगाव स्टँडवरून लाल एसटी जाते, आपली कर्नाटकाची बस जाते, रोज शेकडो माणसं जातात. दोन राज्यांची दोन महामंडळं, ॲपला बहुतेक एकाचंही वेळापत्रक मिळालेलं नाही. स्कूटरसुद्धा नसलेल्या कॉलेजच्या पोरांना हीच माहिती लागते. उलट जी माहिती सीमाभागात खरंच हवी ती कुठल्याच ॲपमध्ये नाही: आज बस सीमा ओलांडते का? डिसेंबर २०२२ मध्ये वाद पेटला तेव्हा एसटी बंद झाली होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच. दोघं तिकडं गेलेले आणि बस इकडं थांबलेली, तर घरी काय सांगायचं? शिनोळीपर्यंत वडापनं, म्हणजे माणसं भरून जाणाऱ्या खासगी गाडीनं, यायचं आणि पुढं कुणालातरी फोन करायचा. तो 'कुणीतरी' आधीच ठरवून ठेवा.

एवढं बोलले तर चांगलंही बोलायला हवं. पावसाचा नकाशा फार कामाचा आहे. कुठल्या घाटात आत्ता किती पडतोय हे बऱ्यापैकी खरं दाखवतं. नकाशा आधी उतरवून घेता येतो, मग जांबोटीपुढं रेंज गेली तरी अडत नाही. सूर्यास्ताची वेळ मिनिटावर बरोबर. येळ्ळूरच्या राजहंसगडावर आम्ही घड्याळ लावून बसलो होतो. सूर्य टेकला, मग खाली बेळगावचे दिवे लागत गेले, हे म्हणाले, "उद्यमबाग कुठली दाखव बघू," आणि आम्ही अंधार होईपर्यंत दिव्यांवरून रस्ते ओळखत बसलो. सूर्यास्त अक्षांश, रेखांश आणि तारखेवरून निघतो, त्यात कुणाचं मत लागत नाही, म्हणून तो चुकत नाही. राजहंसगडाला गुण किती? ४४, 'कुटुंबासह इतिहासप्रेमींसाठी'. त्यामुळे आठवड्यातल्या मधल्या दिवशी संध्याकाळी तिथं अजून जागा मिळते. सरळ यादी उलटी लावून खालून वाचायला सुरुवात केली तर हे ॲप बरंच उपयोगी आहे, हा माझा प्रामाणिक सल्ला. मी गंमत करत नाही.

फक्त खालून वाचताना जंगलातल्या धबधब्यांकडे एकदम निघू नका. वज्रपोहासारख्या जागा भीमगडच्या अभयारण्याच्या भागात येतात. वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि पावसाळ्यात वाटा अनेकदा बंदच असतात. ॲप हे सांगत नाही.

एका गोष्टीचा मात्र राग आला. सुरुवातीलाच 'मित्रांना तुमची सहल दाखवा' हे चालू करून दिलेलं असतं, ते शोधून बंद करावं लागतं. फोनमधल्या ज्या-ज्या ओळखीच्या लोकांकडे ॲप आहे, त्यांना आपण कुठं आहोत ते आपोआप कळतं. मला काय, मामींना कळून कळणार काय. पण माझ्या वर्गातल्या मुलींचा विचार करा. वेगळ्या जातीचा मुलगा, घरी माहीत नाही, आणि कुणा चुलतभावाच्या फोनवर 'स्वप्नवेल पॉइंट, दोघंजण' असं झळकतं. रोमान्स विकणाऱ्या कंपनीला एवढी समज नको? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट आणि समजून दिलेली असावी असं म्हटलंय. आधीच बरोबरची खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती कशी? मी कंपनीला हे लिहून कळवलं. उत्तर यंत्राचं आलं, आभार मानणारं, आणि सोबत गोव्यातल्या रिसॉर्टवर दहा टक्के सूट.

कुणी घ्यावं? बेंगळुरू-पुण्याहून पहिल्यांदा इकडं येणाऱ्यांनी एका महिन्यापुरतं घ्यायला हरकत नाही, त्यांना आंबोलीत मामा भेटणार नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडच्या लोकांनी फुकटचा भाग वापरावा. पाऊस, नकाशा आणि सूर्यास्त त्यातच मिळतात. पैसे भरायचे ते गुणांसाठी, आणि गुणांचं काय ते वर सांगितलंच.

घेतलंच असेल आणि बंद करायचं असेल तर फोनवरून ॲप काढून टाकून भागत नाही, पैसे पुढच्या वर्षीही कापले जातात. अँड्रॉइड असेल तर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा, तिथून रद्द करा. मुदत संपेपर्यंत तरीही चालू राहतं. लेकीच्या खात्यावरून घेतलेलं असेल तर तिलाच करायला सांगा, आणि आंबोलीला काय झालं ते तेव्हाच सांगून टाका.